वाचकांचे प्रश्न : थायलंडचा व्हिसामुक्त प्रवेश आणि बदलते नियम

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत थायलंडचे नाव आहे, आणि ‘आता व्हिसा लागत नाही म्हणतात, ते खरे का?’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा आला आहे. म्हणून या अंकातील सर्व जागा त्याच विषयाला दिली आहे. खालील उत्तरांतील नियम डिसेंबर २०२५ मध्ये लागू असलेले आहेत.

प्रश्न : आमच्या गटातील एकजण म्हणतो १५ दिवस, दुसरा म्हणतो ३० दिवस, आणि सहल कंपनीच्या पत्रकात ६० दिवस छापले आहे. नेमके खरे काय? (एक वाचक, पुणे)

तिघेही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत. भारतीय पासपोर्टधारकांना पूर्वी बँकॉकच्या विमानतळावर उतरल्यानंतर व्हिसा मिळत असे. त्यासाठी २,००० बाट शुल्क, एक फोटो, भरलेला अर्ज आणि भरपूर सहनशक्ती एवढे साहित्य लागे, आणि मिळणारा मुक्काम १५ दिवसांचा असे. पहाटेच्या विमानाने उतरून त्या रांगेत दीड-दोन तास उभ्या राहिलेल्या मंडळींना ‘फोटो विसरलो’ म्हणणाऱ्या सहप्रवाशाचा चेहरा अजून आठवत असेल. आपल्या गटातील पहिल्या सद्गृहस्थांची माहिती त्या काळातली आहे.

पुढे पर्यटन वाढवण्यासाठी थायलंड सरकारने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारत आणि तैवान येथील प्रवाशांना व्हिसाशिवाय ३० दिवस राहण्याची मुभा दिली. ही मुभा मुळात १० मे २०२४ पर्यंत, म्हणजे सहा महिन्यांचीच होती आणि नंतर तिला मुदतवाढ मिळाली. ती वाढीव मुदत संपण्यापूर्वीच १५ जुलै २०२४ रोजी नवा नियम आला. त्याने व्हिसामुक्त प्रवेश मिळणाऱ्या देशांची व प्रदेशांची संख्या ५७ वरून ९३ वर नेली, त्यांत भारताचा समावेश केला आणि मुक्कामाची मर्यादा ६० दिवस केली. आज लागू असलेला नियम हाच आहे. सहल कंपनीचे पत्रक बरोबर आहे.

मात्र मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या पर्यटन व क्रीडामंत्र्यांनी हा कालावधी पुन्हा ३० दिवसांवर आणण्यास तत्त्वतः सहमती झाल्याचे जाहीर केले होते. पर्यटक म्हणून येऊन तेथे बेकायदा व्यवसाय करणारे परदेशी आणि सदनिका घेऊन त्या परस्पर दिवसाच्या हिशेबाने भाड्याने देणारे लोक हे त्यामागचे कारण सांगितले गेले. घोषणा होऊन बरेच महिने लोटले तरी नियम बदललेला नाही, पण विषय मिटलेलाही नाही. तेव्हा ज्यांचा मुक्काम महिन्याभराच्या आतला आहे त्यांनी याची चिंता करण्याचे कारण नाही. ज्यांना त्याहून अधिक राहायचे आहे त्यांनी तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा थाई दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. आपण तिकीट कधी काढले याला येथे अर्थ नाही, आपण ज्या दिवशी उतरता त्या दिवशी जो नियम असेल तो आपल्याला लागतो.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. मुलगी आणि जावई बँकॉकमध्ये नोकरी करतात. तिच्या बाळंतपणासाठी अडीच महिने राहावे लागेल. व्हिसा घेऊन जावे की तसेच जावे? (एक दांपत्य, नाशिक)

‘तसेच’ जाता येईल, पण अडीच महिने म्हणजे साधारण ७५ दिवस होतात आणि शिक्का ६० दिवसांचा मिळतो, हे आधीच धरून चालावे. उरलेल्या दिवसांसाठी तेथील इमिग्रेशन कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज करता येतो. त्याचे शुल्क माणशी १,९०० बाट आहे आणि वाढ जास्तीत जास्त ३० दिवसांची मिळते. अर्जासोबत फोटो, पासपोर्टच्या प्रती आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. हा पत्त्याचा पुरावा बहुतेकांच्या लक्षातून सुटतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

थायलंडच्या कायद्यानुसार परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद घरमालकाने किंवा घराचा ताबा असलेल्या व्यक्तीने इमिग्रेशनकडे करायची असते. या नोंदीला तेथे सगळे ‘टीएम ३०’ या नावाने ओळखतात. हॉटेलात उतरणाऱ्यांची नोंद हॉटेल परस्पर करते, त्यामुळे सहलीला जाणाऱ्यांना हे नावही ठाऊक नसते. परंतु आपण लेकीच्या घरी उतरणार आहात आणि ते घर बहुधा भाड्याचे असेल. आपण पोचल्याच्या दिवशी जावयांनी घरमालकाला सांगून ही नोंद करून घ्यावी आणि तिची पावती जपून ठेवावी. दीड महिन्यानंतर मुदतवाढीच्या खिडकीवर हीच पावती मागितली जाते, आणि ती नसेल तर आधी ते प्रकरण मिटवून मग पुढच्या रांगेत उभे राहावे लागते.

दिवस मोजण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे ‘दोन महिने’ म्हटले की १० डिसेंबरला गेलेला माणूस १० फेब्रुवारीला परततो. थायलंडमध्ये उतरण्याचा दिवस पहिला धरतात, आणि मोजले जातात ते दिवस, महिने नव्हेत. १० डिसेंबरला उतरलेल्या प्रवाशाचा साठावा दिवस ७ फेब्रुवारी हा येतो. १० फेब्रुवारीला विमानतळावर गेलेला माणूस तीन दिवस जास्त राहिलेला असतो, आणि दिवसाला ५०० बाट या दराने १,५०० बाट दंड भरून मगच त्याला विमानात चढता येते. हा दंड वाढत वाढत कमाल २०,००० बाटपर्यंत जातो. नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून स्वतःहून हजर झालेल्यावर दंडाखेरीज एक वर्षाची प्रवेशबंदी लागते आणि मुदत जितकी अधिक ओलांडली असेल तितकी ही बंदी वाढते. स्वतः हजर न होता पकडला गेलेल्यावर तर निदान पाच वर्षांची प्रवेशबंदी लागते. शिक्का उमटला की काउंटरसमोरून हलण्यापूर्वी त्यावरील ‘येथपर्यंत’ची तारीख वाचावी. अधिकारी माणूसच असतो, चूक होऊ शकते, आणि ती तेथल्या तेथे सुधारून मिळते. घरी जाऊन पाहिल्यावर ते काम एका दिवसाचे होते.

मुदतवाढ देणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क म्हणून ती मागता येत नाही. बाळंतपणासारखे कारण आणि मुलीचे तेथील कामाचे कागद सोबत असताना अडचण येण्याचे कारण दिसत नाही. तरीही जिवाला घोर नको असेल तर येथूनच रीतसर पर्यटक व्हिसा घेऊन जाण्याचा मार्ग खुला आहे. व्हिसा न घेता जाण्याची सवलत मिळाली म्हणून व्हिसा घेण्याची सोय बंद झालेली नाही. माझे मत विचाराल तर व्हिसा न घेता जावे, मात्र मुदतवाढीचा अर्ज शेवटच्या दिवसावर न ठेवता आठ-दहा दिवस आधी करावा.

प्रश्न : व्हिसा लागत नाही म्हणून मी एकेरी तिकीट काढून निघालो होतो. परतीचे तिकीट तेथून स्वस्त पडते. मुंबई विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवर मला अडवले आणि तेथल्या तेथे महागडे परतीचे तिकीट काढायला लावले. हा अन्याय नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

आपला मनस्ताप समजू शकतो, पण अन्याय म्हणता येणार नाही. व्हिसामुक्त प्रवेश या शब्दातील ‘मुक्त’ हे पद फार फसवे आहे. व्हिसा घेताना आपण दूतावासाला जे सगळे दाखवत होतो, म्हणजे किती दिवस जाणार, कोठे राहणार, खर्चाला पैसे किती, परत कधी येणार, ते दाखवण्याची जबाबदारी रद्द झालेली नाही. ती पाहणारा टेबल मुंबईहून उठून बँकॉकला गेला एवढेच झाले आहे. पूर्वी कागद अपुरे असतील तर अर्ज परत येई आणि फार तर शुल्क बुडे. आता कागद अपुरे असतील तर माणूसच परत येतो, तोही स्वतःच्या तिकिटासह.

विमान कंपनी यात का पडते, तेही पाहू. ज्या प्रवाशाला त्या देशाने आत घेतले नाही त्याला परत आणण्याची जबाबदारी त्याला घेऊन गेलेल्या कंपनीवर असते. त्यामुळे काउंटरवरील मुलगी आपल्यासमोर संगणकावर थायलंडचे नियम उघडून बसलेली असते, आणि त्यात ‘परवानगीच्या मुदतीत देश सोडण्याचे तिकीट’ ही अट आहे. ती आपल्या मनाने काही विचारत नाही. ते तिकीट भारताचेच असले पाहिजे असेही नाही, साठ दिवसांच्या आत थायलंडमधून अन्य कोठेही जाणारे चालते. ‘दाखवण्यापुरते’ तिकीट बनवून देणारे लोक इंटरनेटवर मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. खोटे कागद दाखवल्याचे उघड झाले तर मुंबईत थांबलेला त्रास बँकॉकमध्ये नव्याने सुरू होतो.

बँकॉकचा अधिकारी सगळ्यांनाच सगळे विचारतो असे नव्हे. दहांपैकी नऊ जण बोटांचे ठसे देऊन, कॅमेऱ्याकडे पाहून पुढे जातात. दहाव्याला मात्र हॉटेलचे नाव, परतीचे तिकीट आणि जवळचे पैसे विचारले जातात. माणशी २०,००० बाटपर्यंतची रक्कम, म्हणजे आजच्या दराने पन्नास हजारांहून अधिक रुपये, दाखवता येतील अशी तयारी ठेवलेली बरी. केवळ फोनमधील बँकेचे ॲप दाखवून भागेल या भरवशावर राहू नये. तरुण, एकटा, पहिल्यांदाच परदेशी निघालेला आणि ‘किती दिवस?’ या प्रश्नावर ‘बघू’ असे उत्तर देणारा प्रवासी हा बहुधा तो दहावा असतो.

प्रश्न : थायलंडला जाण्यासाठी डिजिटल कार्ड काढून देतो म्हणून एका एजंटने आमच्या चौघांचे सहा हजार रुपये घेतले. हे शुल्क सरकारी आहे का? (एक वाचिका, ठाणे)

नाही. थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, ज्याला सगळे टीडीएसी म्हणतात, ते १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला, तान्ह्या बाळालाही, आवश्यक झाले आहे आणि ते पूर्णपणे विनामूल्य आहे. पूर्वी विमानात हाती देत असत त्या कागदी कार्डाची जागा त्याने घेतली. उतरण्याच्या दिवसापूर्वीच्या तीन दिवसांत ते थाई इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर भरायचे असते. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओ डॉट टीएच’ नसेल तर ते संकेतस्थळ सरकारी नव्हे. हुबेहूब दिसणारी आणि पैसे मागणारी पाने पुष्कळ आहेत. एका कुटुंबाची माहिती एकाच वेळी भरता येते आणि पासपोर्ट समोर ठेवला तर माणशी पाच मिनिटे पुरतात.

एका चुकीपासून सावध राहावे. मुंबई-पुण्याहून सुटणारी बरीच विमाने रात्री उशिरा निघून दुसऱ्या दिवशी पहाटे उतरतात, आणि लोक कार्डावर निघण्याची तारीख लिहितात. तेथे उतरण्याची तारीख हवी असते. १४ तारखेच्या रात्री साडेअकराच्या विमानाला १५ तारीख लिहावी. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे आणि प्रवेशाची हमीही नव्हे, आपण येत असल्याची ती वर्दी आहे.

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम. झाला आहे. त्याला बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळते आहे. मुलाखत मोबाइलवर झाली. पगार रुपयांत ऐंशी हजार, राहणे-खाणे फुकट, तिकीटही तेच पाठवतात. ‘व्हिसा लागत नाही, तसाच ये, पुढचे आम्ही बघतो’ असे ते म्हणतात. घरात आनंद आहे, पण माझ्या मनाला पटत नाही. (एक आई, जालना जिल्हा)

ताई, आपल्या मनाला पटत नाही तेच बरोबर आहे. हे पत्र पोचण्यापूर्वी मुलगा निघाला नसावा अशी आशा करतो आणि अगदी स्पष्ट लिहितो : त्याला पाठवू नका.

व्हिसामुक्त प्रवेश हा पर्यटनासाठी आणि व्यवसायाच्या अल्पकालीन कामांसाठी, म्हणजे बैठका, भेटीगाठी यांसाठी आहे. थायलंडमध्ये पगारी नोकरी करायची तर तेथील कंपनीने कागदपत्रे पाठवावी लागतात, त्यांच्या आधारे उमेदवाराने भारतातूनच त्या प्रकारचा व्हिसा घ्यावा लागतो, आणि तेथे पोचल्यावर कंपनीला त्याच्या नावाने वर्क परमिट काढावे लागते. जो मालक ‘तसाच ये’ म्हणतो तो एक तर बेकायदा काम देतो आहे, किंवा त्याच्याकडे काम नाहीच.

यातील दुसरी शक्यता अधिक भयंकर आहे. बँकॉकला उतरलेल्या अशा मुलांना विमानतळावरून गाडीत घालून सात-आठ तासांच्या अंतरावर पश्चिमेकडील माए सोत या गावी नेतात. गावाच्या कडेने मोएई नावाची लहानशी नदी वाहते. उन्हाळ्यात ती गुडघाभर पाण्यातून ओलांडता येते. नदीपलीकडे म्यानमारचे म्यावडी आहे आणि तेथे उंच भिंतींच्या आवारांत ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने चालतात. पासपोर्ट काढून घेतला जातो आणि दिवसाचे चौदा-पंधरा तास अनोळखी लोकांना खोटे संदेश पाठवून लुबाडण्याचे काम दिले जाते. ते न केल्यास मारहाण होते, आणि सुटकेसाठी घरच्यांकडून खंडणी मागितली जाते. मुलाच्या पासपोर्टवर मात्र शिक्का थायलंडचाच असतो. म्यानमारमध्ये तो बेकायदा शिरलेला ठरतो, आणि नदी ओलांडून परत आला तर थायलंडही त्याच्यावर बेकायदा प्रवेशाचा खटला भरते.

ही ऐकीव गोष्ट नाही. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाची विमाने माए सोतला पाठवून लागोपाठ दोन दिवसांत २८३ आणि २६६, अशा एकूण ५४९ भारतीयांना परत आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस म्यावडीजवळच्या केके पार्क नावाच्या आवारावर कारवाई झाली तेव्हा पळून नदीपार आलेल्यांत सुमारे पाचशे भारतीय होते आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना पुन्हा विमाने पाठवून आणावे लागले. त्यांपैकी बहुतेकांच्या कथेची सुरुवात आपल्या पत्रातील वाक्यांसारखीच आहे : मोबाइलवर मुलाखत, डेटा एंट्री किंवा डिजिटल मार्केटिंगचे काम, फुकट तिकीट आणि ‘व्हिसाची काळजी नको’.

खात्री करून घ्यायची असेल तर मार्ग सोपा आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत दलालांची यादी आहे, आणि तक्रारी आलेल्या बिगरनोंदणीकृत दलालांचीही. आपल्या मुलाला फोन करणाऱ्याला फक्त नोंदणी क्रमांक विचारावा. तो बहुधा त्यानंतर फोन उचलणार नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात याच कामाचे कार्यालय आहे. जालन्याहून तेथवर जाणे लांब पडते हे मान्य आहे, पण ऐंशी हजारांच्या आशेने माए सोतला जाण्यापेक्षा ते जवळच आहे. कोणाचे मूल आधीच अडकले असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकॉक व यांगून येथील भारतीय दूतावासांना ईमेल करावा, त्यात पासपोर्टची प्रत आणि मुलाने पाठवलेले शेवटचे ठिकाण अवश्य द्यावे.

प्रश्न : माझी मावशी ४४ वर्षांची आहे, शिक्षण सातवी. तिच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ आहे. आमच्यासोबत सहलीला तिला थायलंडला नेता येईल का? कोणी म्हणते तिला सरकारची परवानगी लागेल. (एक वाचिका, सोलापूर)

नेता येईल. ईसीआर म्हणजे उत्प्रवासाची तपासणी आवश्यक असलेला पासपोर्ट. दहावी उत्तीर्ण नसलेल्या प्रौढांना साधारणपणे तो मिळतो, पन्नाशी उलटल्यावर ती अट उरत नाही. या पासपोर्टधारकांना १८ ठराविक देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर आधी सरकारी मंजुरी लागते, आणि फार थोड्यांना ठाऊक असते की आखाती देशांबरोबर थायलंड आणि मलेशिया हेही त्या यादीत आहेत. आपल्याला कोणी सांगितलेले त्यामुळे निराधार नाही, अर्धवट आहे. मंजुरी नोकरीसाठी लागते, पर्यटनासाठी नाही. तरीही मुंबईत भारतीय इमिग्रेशनचा अधिकारी मावशींना दोन प्रश्न जास्त विचारील. परतीचे तिकीट व हॉटेलचे कागद त्यांच्या स्वतःच्या पिशवीत असू द्यावेत, आणि काउंटरवर आपण सगळे एकत्र उभे राहावे. त्यांना एकटीला वेगळ्या रांगेत पुढे पाठवू नये.

प्रश्न : मी पुण्यातील कंपनीचे काम लॅपटॉपवर कोठूनही करतो. साठ दिवस चिआंग माईत राहून काम केले, मग दोन दिवस बाहेर जाऊन परत साठ दिवस आलो, असे चालेल का? (एक वाचक, पिंपरी)

एकदा चालून जाईल, पण सवय करू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये थाई इमिग्रेशनने अशा ये-जा करून मुक्काम लांबवणाऱ्यांवर कडक नजर ठेवण्याचे जाहीर केले. सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा अधिक वेळा असे करणाऱ्याला दारातून परत पाठवण्यात येईल असे त्यांनी म्हटले आहे. आपल्यासारख्यांसाठीच जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ हा वेगळा प्रकार सुरू झाला. तो पाच वर्षांचा असतो, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस मिळतात आणि खात्यात ५ लाख बाट शिल्लक दाखवावी लागते. ही शेवटची अट ऐकून आपण पुण्यालाच परत याल असे वाटते. तसे असल्यास साठ दिवसांचे समाधान मानावे.

प्रश्न : बँकॉकहून बसने अंगकोर वाट पाहून परत यावे असा बेत आहे. व्हिसामुक्ती तेथेही लागू होते का? (एक शिक्षक, सातारा)

नाही. अंगकोर वाट कंबोडियात आहे आणि भारतीयांना तेथे व्हिसा लागतो, तो ऑनलाइन मिळतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे दोन्ही देशांतील संघर्षामुळे २०२५ च्या जून-जुलैपासून जमिनीवरील नाकी पर्यटकांसाठी बंद झाली आहेत. बसचा बेत सोडून विमानाने सिएम रीप गाठावे, आणि परत थायलंडमध्ये शिरताना नवे टीडीएसी भरावे.

प्रश्न : देश एकदा दिलेली सवलत काढून घेतात का? थायलंडबाबत तशी भीती आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

काढून घेतात, आणि भारतीयांनी ते अलीकडेच दोनदा पाहिले आहे. सर्बियात भारतीयांना २०१७ पासून ३० दिवस व्हिसाशिवाय जाता येत असे. तेथे उतरून पुढे युरोपीय संघाच्या देशांत बेकायदा शिरणाऱ्यांची संख्या वाढली, युरोपीय संघाने सर्बियावर दबाव आणला, आणि १ जानेवारी २०२३ पासून सवलत बंद झाली. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना १५ दिवसांची सवलत दिली होती. नोकरीच्या किंवा पुढे अन्य देशांत पोचवण्याच्या आमिषाने तेथे नेलेल्या भारतीयांचे खंडणीसाठी अपहरण होऊ लागले, आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून तीही स्थगित झाली. दोन्ही ठिकाणी सहलीला किंवा यात्रेला जाणाऱ्या सरळ माणसांनी काही केले नव्हते, दार मात्र त्यांच्यासाठीही बंद झाले.

थायलंडचे गणित वेगळे आहे. २०२४ या एका वर्षात तेथे २१ लाखांहून अधिक भारतीय गेले. लग्नाची आख्खी वऱ्हाडे फुकेतला उतरतात, दिवाळीच्या सुटीत पट्टायाच्या रस्त्यांवर मराठी कानावर पडते. असा ग्राहक कोणी सहजासहजी तोडत नाही. त्यामुळे सवलत पूर्णपणे जाईल असे मला वाटत नाही. दिवस मात्र कमी होऊ शकतात, आणि आपल्याकडचा सरासरी पर्यटक पाच-सात दिवसांत परतत असल्याने त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. प्रत्येक परदेशी प्रवाशाकडून ३०० बाट प्रवेश शुल्क घेण्याचा जो निर्णय २०२३ पासून गाजतो आहे, तो दर हंगामात पुढे ढकलला जातो आणि अजून त्याची वसुली सुरू झालेली नाही. व्हॉट्सॲपवर तो ‘उद्यापासून लागू’ म्हणून वर्षातून दोनदा येतो, त्याने घाबरू नये.

प्रश्न : नातवाने माझ्या पासपोर्टचे एक कोरे पान अर्धे फाडले आहे. पान कोरेच होते, शिक्का नव्हता. चिकटवून चालेल का? (एक आजोबा, नागपूर)

चिकटवू नये, आणि पान पूर्ण काढून तर मुळीच टाकू नये. पासपोर्ट आपल्या कपाटात असला तरी कायद्याने तो केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, आणि पान नाहीसे झालेला पासपोर्ट पाहिल्यावर अधिकाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो काहीतरी लपवल्याचा. तसा अनुभव त्यांना आहेही. घरच्यांना बँकॉकच्या फेऱ्या कळू नयेत म्हणून शिक्क्यांची पाने फाडणाऱ्या एका प्रवाशावर २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आपण वाचली असेल. आपले कारण निर्मळ असले तरी काउंटरवर नातवाला साक्षीला उभे करता येणार नाही. खराब झालेला पासपोर्ट या कारणाखाली नव्याने पासपोर्ट मिळण्यासाठी अर्ज करावा आणि तो हाती येईपर्यंत तिकीट काढू नये. जुन्या पासपोर्टची मुदत किती उरली आहे तेही पाहून ठेवावे. थायलंडमध्ये उतरताना निदान सहा महिने शिल्लक असावी लागते, आणि नवा पासपोर्ट आला की तो प्रश्नही त्यातच सुटेल.